वारसांचे हिस्से काढणारं सॉफ्टवेअर: गणित सोपं, वंशावळ अवघड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. घरात शेतजमिनीच्या वाटपाचा वाद सुरू आहे. त्यांचं म्हणणं: "हिंदू वारसा कायदा काही फार मोठा नाही. त्याचा सगळा मजकूर आणि घरचे सातबारे एआय मॉडेलला दिले तर प्रत्येक वारसाचा हिस्सा अचूक निघायला हवा. असं साधन सगळ्यांसाठी बनवता येईल का? कायद्याचा तर्क संगणकाला खरंच जमतो का? आणि मग वकिलांचं काम जाईल का?"

मी दिवाणी वकील आहे. वाटपाचे दावे चालवण्यातच माझी बरीचशी प्रॅक्टिस गेली, आणि अलीकडे प्रोग्रामर मंडळींबरोबर बसून हेच नियम संगणकासाठी लिहून काढण्याचं काम करते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

हिस्सा काढणं संगणकाला जमतं, आणि आपल्यापेक्षा चांगलं जमतं. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून वारसा ठरवणं ही मुळात यांत्रिकच गोष्ट आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला त्याचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या हिशोबांनी भरलेला आहे. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला. इस्लामी कायद्यात नवऱ्याचा 1/2 आणि दोन सख्ख्या बहिणींचा मिळून 2/3 अशी बेरीज 7/6 होते, म्हणजे मालमत्तेपेक्षा हिस्सेच जास्त. मग छेद 7 करून सगळ्यांचे हिस्से त्या प्रमाणात उतरवायचे, हा नियम कित्येक शतकांपूर्वीच ठरलेला आहे. तेव्हा "संगणकाला जमेल का" ही शंका गणिताबद्दल घेऊच नका. अडतं ते गणिताच्या आधी, आणि तुमच्या प्रश्नात जे दोन शब्द सहज येऊन गेले, "कायद्याचा मजकूर" आणि "सातबारे", नेमकं तिथेच.

आधी मजकूर.

वाटपाच्या दाव्यांत ज्याचा आधार पावलोपावली घेतला जातो असा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल आहे, आम्ही त्याला मगदूम केस म्हणतो. एकत्र कुटुंबातला कर्ता 1960 साली वारला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याच्या तेव्हाच्या कलम 6 प्रमाणे आधी असं मानायचं की तो मरण्याच्या क्षणभर आधी वाटप झालं. याला आम्ही नोशनल पार्टिशन किंवा काल्पनिक वाटप म्हणतो. त्या वाटपात चार हिस्से: तो, बायको, दोन मुलगे. प्रत्येकी 1/4. मग त्याचा 1/4 वर्ग एकच्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या, सहा वारसांत समान, म्हणजे प्रत्येकी 1/24. बायकोचं एकूण 1/4 अधिक 1/24, म्हणजे 7/24. मुलग्यांचंही प्रत्येकी 7/24. मुलींना फक्त 1/24. खालच्या कोर्टाने त्या बाईला नुसता 1/24 दिला होता; उच्च न्यायालयाने 7/24 केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता कायद्याचं पुस्तक उघडा आणि काल्पनिक वाटपात बायकोला मिळालेला तो 1/4 कोणत्या कलमात आहे ते शोधा. नाही सापडणार. नवरा आणि मुलांमध्ये वाटप झालं तर बायकोला मुलाइतका हिस्सा, हा नियम मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या परंपरेतल्या मुंबई शाखेचा आहे. तो अधिनियमात लिहिलेला नाही, तो गृहीत आहे. दक्षिणेत बायकोला असा हिस्सा द्यायची रीत केव्हाच मागे पडली. म्हणजे तेच कुटुंब, तोच केंद्रीय कायदा, आणि गाव कुठलं यावर आकडा बदलतो.

फक्त अधिनियमाचा मजकूर वाचून प्रामाणिकपणे नियम लिहिलेलं इंजिन, म्हणजे नियम लावून उत्तर काढणारा प्रोग्राम, इथे काय करील? तीन हिस्से पाडील: बाप आणि दोन मुलगे. बापाचा 1/3 सहा जणांत, म्हणजे 1/18. बायकोला 1/18, मुलींना 1/18, मुलग्यांना 7/18. बेरीज करून बघा, बरोबर 1 येते. प्रोग्रामरची पहिली चाचणी "सगळ्या हिश्श्यांची बेरीज 1 यायला हवी" ही असते. ती हा चुकीचा निकाल बिनदिक्कत पास करते. म्हणून माझा आग्रह असतो की चाचण्या बेरजेवर थांबवू नका. निकालांतली खरी कुटुंबं टेस्ट केस म्हणून घ्या. मगदूम पहिली. 7/24 आला नाही तर पुढे जायचं नाही.

(जाता जाता: हिस्से दशांशात ठेवू नका, अपूर्णांकातच ठेवा. 0.0417 लिहून कुणाचंच समाधान होत नाही आणि शेवटी बेरीज 0.9999 येते. जुन्या नोंदींत हिस्सा आणे-पैमध्ये असतो. सोळा आण्यांच्या 192 पै, त्यात 7/24 म्हणजे 4 आणे 8 पै, आणि 1/24 म्हणजे 8 पै. तेही वाचता आणि लिहिता यायला हवं, नाहीतर तलाठी कार्यालयातली नोंद आणि तुमचा रिपोर्ट यांचा मेळ घालायला पक्षकार परत आमच्याकडेच येतो.)

मजकुराची दुसरी गोम तारखांत आहे. कायदा ही एक फाइल नसते, आवृत्त्यांची रांग असते, आणि कुठली आवृत्ती लागू ते घटनेच्या तारखेवर ठरतं. मगदूमसारखंच कुटुंब घ्या: बायको, दोन मुलगे, तीन मुली, गाव महाराष्ट्रात. समजा बाप 1998 साली वारला. महाराष्ट्राने 1994 मध्ये स्वतःची दुरुस्ती केली होती: मुलगीही जन्मतः सहदायाद (मुलग्यासारखी एकत्र मिळकतीची भागीदार), पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेली नाही. तिन्ही मुलींची लग्नं त्याआधीच झालेली असतील तर 1998 च्या कायद्याने आकडे मगदूमचेच: मुलीला 1/24. तिघींतली धाकटी त्या तारखेला अविवाहित असेल तर काल्पनिक वाटपात हिस्से पाच होतात, बापाच्या 1/5 चे सहा भाग म्हणजे 1/30, आणि धाकटीला आई-भावांइतकेच 7/30, थोरल्या दोघींना मात्र 1/30. सख्ख्या बहिणींत सातपट फरक, आणि कारण एक लग्नपत्रिका. (7/30 आणे-पैत बसतही नाही, 44 पै आणि वर काही उरतं.)

मग 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली. लग्नाची अट गेली. पुढे बरीच वर्षं वाद चालला की त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा की नको. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की नको. मुलीचा हक्क जन्माने आहे. आणि जुन्या कलमातलं काल्पनिक वाटप हे हिस्सा मोजण्यापुरतं होतं, ते खरं वाटप नव्हे. म्हणजे वरच्या कुटुंबात प्रत्यक्ष वाटप झालेलंच नसेल आणि सगळे हयात असतील तर आज हिशोब नव्याने: बाप, आई, पाच मुलं मिळून सात हिस्से, बापाच्या 1/7 चे सहा, प्रत्येकी 1/7 अधिक 1/42, म्हणजे सरळ 1/6. मुलीचा 1/24 चा 1/6 झाला, चौपट. बाप तोच, मरणाची तारीख तीच, मालमत्ता तीच. बदललं ते एवढंच की प्रश्न कुठल्या दिवशी विचारला.

प्रोग्रामरना मी यासाठी नेहमी दोन तारखा मागायला सांगते: घटना कधी घडली आणि उत्तर कुठल्या दिवसाच्या कायद्याप्रमाणे हवं. यातली दुसरी तारीख ते हमखास विसरतात.

आणि कलम वगळलं गेलं म्हणजे उलटा नियम आला असं नसतं, हेही यंत्राला शिकवावं लागतं. जुन्या कलम 24 प्रमाणे आधी वारलेल्या मुलाच्या विधवेने, वारसा उघडण्याच्या दिवसापर्यंत पुनर्विवाह केला असेल, तर तिला सासऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा नव्हता. 2005 च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकलं. नियमांच्या फाइलमधून एक ओळ पुसली की इंजिन म्हणणार, "आडकाठी नाही, हिस्सा द्या." पण पुनर्विवाह झालेली सून अनुसूचीतली "मुलाची विधवा" या वर्णनात बसते की नाही हा युक्तिवाद त्यानंतरही उरतोच. तिथे इंजिनने आकडा न देता दोन्ही शक्यतांचे हिस्से काढून वकिलाकडे पाठवावेत. असा थांबा मुद्दाम लिहावा लागतो, आपोआप येत नाही.

आता सातबाऱ्यांकडे येते, कारण खरी मेख इथे आहे.

कायदा प्रोग्राममध्ये उतरवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग 1986 चा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये मारेक सर्गो, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नागरिकत्वाचा 1981 चा कायदा प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. "जर आई किंवा बाप नागरिक असेल, किंवा इथे स्थायिक असेल, आणि जन्म इथला असेल, तर मूल नागरिक" असे नियम, एकावर एक रचलेले. त्या कायद्यात टाकून दिलेल्या तान्ह्या मुलाबद्दल एक पोटकलम आहे: विरुद्ध सिद्ध झालं नाही तर ते मूल तिथेच, नागरिक किंवा स्थायिक आईबापांच्या पोटी जन्मलं असं मानायचं. प्रोलॉगला हे लिहिणं सोयीचं पडतं, कारण जे सिद्ध करता येत नाही ते खोटं, असा त्याचा स्वभावच आहे. माहितीत जे नाही, ते जगात नाही.

नागरिकत्वाच्या त्या पोटकलमात हा स्वभाव कामाचा. आपल्या वंशावळीत मात्र घातक.

आमच्याकडचा वाटपाचा नियम साध्या मराठीत असा लिहिता येईल:

मुलीला सहदायाद धरायचं, जर
ती 9 सप्टेंबर 2005 रोजी हयात होती,
आणि 20 डिसेंबर 2004 च्या आधी त्या मिळकतीचं वाटप, हस्तांतर किंवा मृत्युपत्राने विल्हेवाट झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

शेवटची ओळ "सिद्ध झालेलं नाही" अशी आहे. कोर्टात तिचा अर्थ: दोन्ही बाजूंना संधी दिली, पुरावा झाला, उलटतपासणी झाली, आणि तरी सिद्ध झालं नाही. संगणकात तिचा अर्थ: फॉर्ममधला तो रकाना रिकामा आहे. या दोन गोष्टी एकच नव्हेत. भाऊ म्हणतो, "वाटप बापाच्या हयातीतच तोंडी झालं, चाळीस वर्षं आम्ही वेगळं कसतोय." विनीता शर्मा निकालाने अशा तोंडी वाटपाचा बचाव सहसा मानू नये असं सांगितलंय, नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा हवा, आणि सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असलेला अपवाद तेवढा उघडा ठेवलाय. हा अपवाद म्हणजे काय, किती कागद पुरे, हे रकान्यात भरता येत नाही.

आणि मग येते कागदावर न दिसणारी आत्या. वारस नोंदीसाठी जी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर दिली जाते ती घरातलाच कुणीतरी लिहितो. जुन्या नोंदींत बाप वारला की फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मुलग्यांच्या नावे. बहिणींची नावं एक तर नाहीतच, किंवा असली तर सातबाऱ्यावर भोगवटादारांत (जमीन ज्यांच्या नावे लागते त्यांत) नाहीत, "इतर हक्क" या रकान्यात, विकास सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याशेजारी. तुम्ही सातबारा स्कॅन करून मॉडेलला विचारलंत, "मालक कोण?", तर ते भोगवटादार सांगेल आणि बोजा बाजूला ठेवेल. आत्याही त्या बोज्याबरोबर बाजूला. वंशावळीत तिचं नाव नाही, म्हणजे प्रोलॉगच्या हिशोबाने ती जन्मलीच नाही. प्रत्यक्षात ती शेजारच्या तालुक्यात नांदतेय, आणि तिला पक्षकार केलं नाही म्हणून सगळा दावा आवश्यक पक्षकार नसल्याच्या मुद्द्यावर अडकू शकतो.

म्हणून माझं मत पक्कं आहे: अशा साधनाची पहिली कसोटी त्याला "नाही" आणि "माहीत नाही" यातला फरक कळतो का. प्रत्येक प्रश्नाला तिसरं उत्तर असलंच पाहिजे, आणि "माहीत नाही" आलं की पुढचा आकडा छापायचा नाही. "आजोबांना मुली किती?" असं विचारून शून्य हे आधीच भरून ठेवलेलं उत्तर ज्या फॉर्ममध्ये आहे, तो फॉर्म बनवणाऱ्याने अजाणता एक निकालच देऊन टाकलेला असतो.

हे कुठवर जाऊ शकतं ते ऑस्ट्रेलियाने पाहिलंय. तिथल्या सरकारने 2015 नंतर सामाजिक मदत घेणाऱ्यांच्या उत्पन्नाची तपासणी यंत्रावर टाकली. लोक त्याला रोबोडेट म्हणू लागले. मदत पंधरवड्याच्या प्रत्यक्ष कमाईवर ठरायची. यंत्राकडे कर खात्याचा वर्षाचा आकडा होता. त्याने वर्षाच्या कमाईला 26 ने भागून सरासरी काढली आणि म्हटलं, प्रत्येक पंधरवड्याला तुम्ही एवढं कमावलंत, म्हणजे मदत जास्त घेतलीत, परत करा. हंगामी काम करणाऱ्याची कमाई सरासरीसारखी कधीच नसते. उलट पुरावा द्यायची जबाबदारी माणसावर टाकली, तीही अनेक वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांची. चार लाखांहून जास्त लोकांवर बेकायदा वसुली लागली. जुलै 2023 मध्ये शाही आयोगाचा अहवाल आला, त्यात योजनेचे वाभाडे काढले आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे यंत्राने भागाकार चुकवला नव्हता. माहीत नसलेली गोष्ट त्याने गृहीत धरली आणि त्या गृहीतकाला निष्कर्षाचा दर्जा दिला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुन्या नियमांच्या इंजिनांचं झालं, आजची भाषा मॉडेलं तर फेरफार वाचतात, प्रश्न विचारतात, युक्तिवाद लिहितात. खरं आहे. मीही वापरते. वीस-पंचवीस फेरफारांचा गठ्ठा असेल तर कुठल्या नोंदीने कुणाचं नाव आलं आणि कुणाचं कमी झालं याचा तक्ता करायला ती उत्तम, पण प्रत्येक ओळीशेजारी फेरफार क्रमांक मागायचा आणि मूळ कागदाशी ताडून बघायचं. का, ते एका उदाहरणावरून सांगते. जुन्या नोंदीत नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." असतं: एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आमच्या धंद्यात ही तीन अक्षरं म्हणजे अर्धा खटला. ए.कु.मॅ. असेल तर जमीन त्या एकट्याची नाही, तो कुटुंबातर्फे उभा आहे असा दावा करायला आधार मिळतो. मॉडेल कधी ती अक्षरं आडनावाची आद्याक्षरं समजून नावात घालतं, कधी गाळूनच टाकतं. गाळलं की एकत्र कुटुंबाची जमीन कागदावर एका माणसाची होते. वाचणाऱ्याला काही खटकतही नाही, कारण तक्ता स्वच्छ आणि सुबक असतो.

जुन्या निकालांच्या दाखल्यांचं तर विचारूच नका. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एव्हियान्का या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. हे परदेशातलं म्हणून सोडू नका. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकर आकारणीचा एक आदेश आला, त्यात आधार म्हणून दिलेले निकाल कुठेच सापडेनात. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि यंत्राने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका अशी समज दिली. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं की निर्णय घेण्यासाठी एआय वापरायचं नाही. भाषांतराचं वेगळं, सर्वोच्च न्यायालयाचं 'सुवास' 2019 पासून निकालांचं भाषांतर करतंय आणि मराठीतून निकाल वाचायला मिळतात ही मोठीच सोय आहे.

मॉडेलकडून हिस्से काढून घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको. सहा वारसांपर्यंत आकडा बरोबर येईलही. दोन पिढ्या मयत, एक शाखा विधवा आणि नातवंडांची, एक हक्कसोड पत्र, इतकं झालं की उत्तर विचाराल तितक्या वेळा बदलेल. शिवाय कोर्टात "कसं काढलं?" याला उत्तर द्यावं लागतं. नियमांचं इंजिन प्रत्येक पायरी दाखवू शकतं, मॉडेल नंतर सुचलेलं स्पष्टीकरण देतं.

या दोघांमध्ये एक जागा उरते, ती माणसाची, आणि ती मधली जागा कशी असते ते दाखवते. वाटपाच्या दाव्यात पहिला मुद्दा निघतो: मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? गावात कुणालाही विचारा, "आजोबांकडून आलेली, म्हणजे वडिलोपार्जितच की!" कायदा तसं म्हणत नाही. 17 जून 1956 नंतर बाप वारला आणि त्याची स्वतःची मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे मुलाकडे आली, तर ती मुलाच्या हातात त्याची स्वतंत्र मालमत्ता असते, नातवाला तीत जन्मतः हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या चंदर सेन निकालात हे सांगितलं. भाषा मॉडेल मराठीत विचारलं की बऱ्याचदा गावाची समजूतच कायदा म्हणून सांगतं, कारण इंटरनेटवर मराठीत तीच समजूत जास्त लिहिलेली आहे.

त्यापुढची पायरी आणखी नाजूक. कर्त्याने स्वतःच्या नावावर 1972 साली दोन एकर घेतली. पैसा कुठला? कुटुंबाच्या उत्पन्नातला असेल तर जमीन एकत्र कुटुंबाची. मुंबईच्या गिरणीतल्या त्याच्या पगारातला असेल तर त्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या कांगो निकालाने शहाणपणाची वाट घालून दिलीय: मिळकत एकत्र आहे म्हणणाऱ्याने आधी दाखवायचं की कुटुंबाकडे एवढी मूळ मालमत्ता होती की तिच्या उत्पन्नातून ही खरेदी होऊ शकली असती, ते दाखवलं की सिद्ध करण्याचं ओझं दुसऱ्या बाजूवर. "होऊ शकली असती" हे कसं मोजणार? तीन एकर जिरायत आणि सात तोंडं खाणारी, त्या काळात शिल्लक किती राहत असेल, दुष्काळ कधीचा, विहिरीला पाणी होतं का, भाऊ पैसे पाठवायचा त्याच्या मनिऑर्डरी कुणी जपल्या का.

यासाठीही संगणकीय काम झालेलं आहे. एडविना रिसलँड आणि केविन ॲशली यांनी 1980 च्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 'हायपो' नावाची प्रणाली केली, व्यापारी गुपितांच्या खटल्यांसाठी. ती निकाल सांगत नसे. हातातल्या खटल्यातल्या बाजूच्या-विरुद्धच्या गोष्टी जुन्या खटल्यांशी जुळवून "हा निकाल तुमच्या बाजूचा, समोरचा यावर असं म्हणेल, तुम्ही त्याला असं उत्तर द्या" अशी मांडणी करी. स्वकष्टार्जित-एकत्र या वादाला नेमकं हेच हवं आहे. मराठीतल्या वाटपाच्या निकालांवर असं काही कुणी नीट केलं तर मी पहिली गिऱ्हाईक. त्यात मॉडेलने निकाल वाचून घटक वेगळे काढावेत, वकिलाने ते तपासावेत, आणि यंत्राने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समोर ठेवावेत. निष्कर्षाची पेटी मात्र माणसाने भरायची, आणि कुणी भरली त्याचं नाव रिपोर्टवर यायला हवं.

तुमच्या साधनाचा सांगाडा माझ्या मते यातून निघतो. सगळ्यात आधी कोणता वैयक्तिक कायदा लागू ते विचारा. हिंदू आहेत म्हणून हाच कायदा असं धरू नका. गोव्यात वारसा पोर्तुगीज वळणाच्या कायद्याने चालतो: पती-पत्नींची मालमत्ता सहसा सामाईक, निम्मी जोडीदाराची, आणि मृत्युपत्राने देता येतो तो उरलेल्यातला अर्धाच, बाकी अर्धा मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचा. आंतरधर्मीय जोडप्याने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर वारशाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम. हिंदू बाईची मालमत्ता असेल तर हिंदू वारसा कायद्याचं कलम 15, आणि तिथे ती निपुत्रिक असल्यास मालमत्ता माहेरून आली की सासरकडून हा प्रश्न आलाच. मग प्रत्येक मिळकतीला वेगळं लेबल, कारण एकाच घरात एक गट वडिलोपार्जित, दुसरा स्वकष्टार्जित, तिसरा भावाशी सामाईक असतो. सगळ्यांना एकच अपूर्णांक लावणारी साधनं मी पाहिली आहेत आणि ती काही कामाची नाहीत. हक्कसोड पत्र आहे म्हटलं की नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी नसेल तर तो कागद हिस्सा शून्य करायला वापरू नका, वकिलाकडे पाठवा.

आणि 1/6 निघाला तरी तो कशाचा 1/6 हे इंजिनला कळत नाही. रस्त्याकडेचा तुकडा, विहिरीजवळचा, माळाचा, यांची सरस-निरस (चांगल्या-वाईटाचा मेळ घालून) वाटणी, वर तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते. कोर्टाचा प्राथमिक हुकूमनामा अपूर्णांकात असतो. शेतसाऱ्याच्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणीदार बांधावर उभा राहून. त्या टप्प्यासाठी तुमचं साधन वापरायला मी सांगणार नाही.

वकिलांचं काम जाईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. दाव्यातला हिश्श्यांचा परिच्छेद आणि वंशावळीचा तक्ता टाइप करायचं काम जाईल, जायलाच हवं. 1972 च्या खरेदीला पैसा कुठून आला यावर ऐंशी वर्षांच्या साक्षीदाराची उलटतपासणी राहील.

तुमच्या घरच्या वादापुरतं सांगायचं तर सॉफ्टवेअर नंतर लिहा. आजचा सातबारा हा शेवटचं पान आहे. त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि प्रत्येक नोंदीची नक्कल काढत मागे जा, निदान पणजोबांच्या नावापर्यंत. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आहेत, नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. नक्कल मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करणाऱ्याकडून करून घ्या. प्रत्येक वारस नोंदीत कोण मयत, कधी मयत, कुणाची नावं लागली आणि घरच्यांना विचारून कुणाची लागली नाहीत, हे चार रकाने भरा. चौथा रकाना भरल्याशिवाय कुणालाही, मला किंवा यंत्राला, हिस्सा विचारू नका.